आत्याची गाजरं आणि विमानातलं जेवण

आमच्या आत्याचा मळा विमानतळाच्या भिंतीला लागून. भिंतीच्या अलीकडे गाजरांचे वाफे, पलीकडे धावपट्टी. विमान डोक्यावरून गेलं की बोलणं ऐकू येत नसे, म्हणून अर्ध्या वाक्यात थांबायची तिला सवय लागली होती. लग्नकार्यातही ती अशीच मध्येच गप्प व्हायची. लोकांना वाटायचं, फार विचारी बाई आहे.

विमानात मात्र ती कधी बसली नव्हती. बसायची हौस होती, पण उडण्यासाठी नव्हे, खाण्यासाठी. शेजारच्या मास्तरीणबाई एकदा जाऊन आल्या आणि ट्रेमधल्या छोट्या छोट्या डब्यांचं वर्णन करत बसल्या. तेव्हापासून आत्याचा जीव त्या डब्यांत अडकला.

"कशात काय आहे तेच कळत नाही म्हणे," ती मला सांगायची. "मला तसलं खायचंय. न कळणारं."

मग विमान कंपनीला अचानक मातीचं प्रेम आलं. एक साहेब बूट चिखलात रुतवत मळ्यात आले. यापुढे ज्या गावाहून विमान सुटेल, त्याच गावात पिकलेलं प्रवाशांना वाढायचं, असं वर ठरलं होतं. विमानतळाला आत्याच्या मळ्याहून जवळचा मळा नव्हता, त्यामुळे साहेबांना फार शोधाशोध पडली नाही. जुडी हातात धरलेला तिचा फोटो निघाला.

गाजरं भिंतीवरून पलीकडे द्यायला आत्या तयार होती. पण ते नियमात बसेना. गाजरं ट्रकने दूरच्या शहरात, कंपनीच्या स्वयंपाकघरात जायची. तिथे त्यांची फुलं कातरायची, बर्फात गोठवायची, आणि मग ती विमानाने परत यायची. आत्या खुरपं थांबवून वर बघायची. "आली बघ माझी गाजरं! आईच्या आधी पोरं उडायला लागली."

योजना गाजली. साहेबांना बढती मिळाली, आणि त्या आनंदात त्यांनी आत्याला विमानाने शहरात नेऊन सत्कार करायचं ठरवलं. त्या दिवशी आत्याने सकाळपासून पोटात अन्नाचा कण घातला नाही. मी म्हटलं, "आत्या, चहा तरी घे." तर म्हणाली, "जागा ठेवलीये."

विमानात मी तिच्या एका बाजूला, साहेब दुसऱ्या बाजूला, समोर कॅमेरावाला. हवाईसुंदरीने ट्रे ठेवला. त्यावर आत्याचाच हसरा फोटो आणि खाली 'आपल्या मातीची चव'. आत्याने झाकण काढलं. आत गाजराची फुलं. दुसऱ्या डबीत गाजराचं सूप. तिसरीत किसलेलं गाजर, वर एक पान.

"ही माझीच का हो?" आत्याने विचारलं.

"तुमचीच! अस्सल स्थानिक!"

"आणि बाहेरचं काय आहे यात?"

"काहीही नाही," साहेब अभिमानाने म्हणाले. "पाणीसुद्धा तुमच्याच नदीचं."

आत्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. कॅमेरावाल्याने ते भराभर टिपलं.

"घरचंच खायचं होतं तर मी घरी काय वाईट होते?" ती मला पुटपुटली. हवाईसुंदरीने ते ऐकलं असावं. ती वाकून हळूच म्हणाली, "मावशी, आम्हाला तर रोज हेच मिळतं हो."

सत्कार झाला. भाषणात साहेब म्हणाले, मातीची चव चाखून या माउलीला रडू कोसळलं. टाळ्या पडल्या. आत्याला बोलायला सांगितलं. तिने खरं काय ते स्वच्छ सांगितलं, "मला गाजराचा कंटाळा आलाय." लोक पोट धरून हसले. किती निर्मळ विनोदबुद्धी, असं म्हणाले आणि तिच्या सन्मानार्थ भोजनात गाजराचा केक ठेवला.

दुसऱ्या दिवशी परतीचं विमान, साहेबही सोबत. आत्या रुसलेलीच. पण ट्रे आला आणि त्यात गाजर नव्हतं! विमान या वेळी शहराहून सुटलेलं, म्हणून माती तिकडची. बटाट्याचे काप, बटाट्याचा लगदा, कसल्याशा पांढऱ्या रशात बुडवलेले बटाटे. आत्याने बोटांनी डब्या पुसून खाल्ल्या. मग माझ्याही ट्रेकडे बघितलं. मी तो सरकवला.

"यातलं हे पांढरं काय असेल रे?" ती खुशीत म्हणाली. "नको, सांगू नकोस."

पोटभर झाल्यावर तिचं लक्ष ट्रेवरच्या फोटोकडे गेलं. टोपी घातलेला एक म्हातारा, हातात दोन बटाटे धरून, सांगितलंय म्हणून हसत होता. आत्या बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली.

"साहेब," तिने पलीकडे वाकून विचारलं, "यांना आणलं का हो अजून विमानात?"

"पुढच्या महिन्यात. मोठा सत्कार आहे."

"आमच्या गावाहून न्या त्यांना," आत्या कळवळून म्हणाली. "त्यांच्याच गावाहून नका नेऊ बिचाऱ्याला."