साखरपुड्यातलं उष्टं पाणी

जालन्याहून बदनापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका हॉटेलात मी मॅनेजर आहे. वर खोल्या आणि खाली लग्नकार्याचा हॉल. उन्हाळ्यात आमची बोअर आटते आणि सगळा कारभार टँकरवर येतो. म्हणून मी मालकांच्या मागे लागून काही नियम बसवले. हॉलमध्ये प्लास्टिकच्या बाटल्या बंद, त्याऐवजी पाण्याचे जार आणि स्टीलचे पेले. पेला अर्धाच भरायचा, लागलं तर पाहुणा परत मागेल. उरलेलं पाणी ड्रममध्ये ओतायचं आणि ते बागेला द्यायचं. सुरुवातीला वेटर कुरकुरले. गिऱ्हाईक तर भांडायचेच. पण मी प्रत्येकाला समोर बसवून समजावत होते आणि लोक हळूहळू ऐकत होते. याचा मला थोडा गर्वही होता.

मग माझ्या चुलतभावाचा साखरपुडा आमच्याच हॉलमध्ये ठरला.

काका परतूरला असतात. माझे वडील लवकर गेले, त्यानंतर मला काकांनीच शिकवलं. हॉटेल मॅनेजमेंटचं नाव काढल्यावर सगळी भावकी तोंडं वाकडी करत होती. ‘पोरगी हाटेलात वाढपीण होणार का?’ असं एकानं विचारलं, तेव्हा काका त्याच्यावर केवढे तरी ओरडले होते. अशा माणसाला मी बाटल्यांचा नियम सांगायला बसले.

काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “बराबर हाय तुझं. पण ते बाहेरच्या लोकांसाठी. आपल्या घरचं कार्य हाय.”

“काका, घरच्या कार्यालाच मी नियम मोडला तर वेटर माझं उद्यापासून ऐकतील का?”

“आन जार ठिवले तर लोकं काय म्हंतील? पोरगी मॅनेजर असून पाहुण्यांच्या हातात पेले दिले म्हंतील.”

मी बाटल्यांना नाहीच म्हणाले. ते हसले. मला वाटलं, पटलं त्यांना.

साखरपुड्याच्या सकाळी बाटल्यांच्या खोक्यांनी भरलेला टेम्पो हॉलच्या दारात उभा राहिला. काकांनी बाजारातून परस्पर मागवला होता. वेटर माझ्याकडे बघत राहिले. एकानं जार उचलून भिंतीकडे सरकवले आणि मान खाली घालून खोकी फोडायला लागला. मी काकांकडे गेले, तर ते आलेल्या पाहुण्यांना मिठी मारत होते आणि इतके आनंदात होते की मी तशीच मागे फिरले.

मुलीकडची माणसं बदनापूर तालुक्यातल्या एका गावाहून दोन जीप करून आली होती. साधी, शेती करणारी, कमी बोलणारी. मुलगी बीएस्सी झालेली. कार्य छान पार पडलं. जेवणं झाली आणि मग तो हॉल मला बघवेना. खुर्च्यांखाली, टेबलांवर, खिडकीत, सगळीकडे बाटल्या. कुणी एक घोट घेतलेला, कुणी नुसतं झाकण उघडलेलं. वेटर त्या गोळा करून मागच्या अंगणातल्या ड्रममध्ये रिकाम्या करत होते. मीही पदर खोचून त्यांच्यासोबत उभी राहिले. दुसरं काय करणार होते?

तेवढ्यात मुलीची आई मागच्या दारानं आली. हातात जीपमधले प्लास्टिकचे दोन रिकामे कॅन. बराच वेळ नुसती बघत उभी राहिली.

“ताई, हे पाणी कुठं टाकून राह्यलात?”

“झाडांना घालतो.”

“झाडाला व्हय.” तिनं इकडंतिकडं बघून आवाज खाली केला. “आज आमच्या गावात टँकरचा दिस हाय. आम्ही घरची सगळीच हितं आलो, घरी पाणी भरायला कुणी न्हाई. यातलं थोडं नेऊ का? पिण्याला न्हाई, भांड्याला व्हईल.”

मी कशीबशी म्हणाले, “उष्टं कशाला नेता? थांबा, फिल्टरचं भरून देते.”

“न्हाई न्हाई,” ती घाईनं म्हणाली. “सोयऱ्याच्या दारातून पाणी भरून नेलं तर बरं दिसत न्हाई. हे तुम्ही टाकूनच देणार होते, म्हणून इचारलं.”

आम्ही कॅन भरायला घेतला आणि काका आले. त्यांनी काय चाललंय ते पाहिलं आणि मोठ्यांदा हसून म्हणाले, “अहो विहीणबाई, हे काय करून राह्यल्या? आमच्याकडं पाण्याची काय कमी हाय? दोन खोकी टाका रे यांच्या जीपमध्ये!”

त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, हे मला आजही ठाऊक आहे. पण दारात चार बायका उभ्या होत्या, त्यांच्यामागे नवरी मुलगीही होती, आणि सगळ्यांनी ते ऐकलं. विहीणबाईंनी कॅन हळूच खाली ठेवला, पदर सावरला आणि “न्हाई, जल्दी निघायचंय आम्हाला,” एवढंच म्हणून आत गेल्या. थोड्या वेळानं जीपा निघूनही गेल्या. खोकी काही त्यांनी नेली नाहीत. कॅन तिथेच राहिले.

काका म्हणाले, “माणूस पाठवून दे उद्या कॅन घेऊन.” मी माणूस पाठवला नाही. दोन्ही कॅन घासून, फिल्टरच्या पाण्यानं भरून मीच त्यांच्या गावी गेले. वाटेवर वाटत राहिलं, की हे भरलेले कॅन घेऊन जाणं म्हणजे काकांच्या खोक्यांसारखंच तर नव्हे?

विहीणबाई विहिरीवर गेल्या होत्या. दारात मुलगी होती. तिनं मला बसायला सतरंजी टाकली, चहा ठेवला आणि मग कॅनकडे बघून विचारलं, “मामंजींनी पाठवलं का?”

“नाही. मीच आणलं.”

“मंग राहू द्या,” ती म्हणाली आणि कॅन उचलून आत नेले. तिची माफी मागायची म्हणून मी वाटभर वाक्यं जुळवली होती. चहा संपला तरी त्यातलं एकही बाहेर आलं नाही.

लग्न त्यांच्या गावात साधेपणानं झालं. ती आता माझी वहिनी आहे. विहीणबाई माझ्याशी मायेनं बोलतात, काकांशी मात्र कामापुरतं. काका मला कधीतरी विचारतात, “त्या बाई माझ्याशी मोकळं का बोलत न्हाईत गं?” बोललेलं त्यांना आठवतसुद्धा नाही. ज्यांनी माझ्यासाठी सगळ्या भावकीशी भांडण घेतलं, त्यांना हे कोणत्या तोंडानं सांगू? मी विषय बदलते, आणि नंतर दिवसभर त्याची लाज वाटत राहते.

हॉलचा नियम मी पुन्हा सुरू केला. वेटरांनी तो मुकाट्यानं पाळला, ते मला जास्त लागलं. परवा जुन्या जालन्यातले एक कापडाचे व्यापारी मुलीच्या लग्नाचं ठरवायला आले होते. बाटल्या मिळणार नाहीत म्हटल्यावर त्यांनी सरळ विचारलं, “मॅडम, तुमच्या घरच्या कार्यातबी बाटल्या न्हाई ठेवत का?”

जार पुसणारा वेटर थांबला.

“ठेवल्या होत्या,” मी म्हणाले. “मला अडवता आलं नाही.”

व्यापाऱ्यांनी मान हलवली आणि जेवणाचं विचारायला सुरुवात केली.