कागद बरोबर होते

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलीला नाही, ज्या मित्राजवळ पोटातलं सगळं ओकतो त्यालाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही माझ्या बाबांना ओळखत नव्हता. त्यांना ओळखणाऱ्या माणसाच्या डोळ्यांत बघून हे बोलायची माझी छाती नाही. म्हणजे सांगतानाही भित्रेपणा आहेच — नाही का?

जामच्या चौकात आमचं दुकान होतं. नागपूरहून हैदराबादकडे जाणारे ट्रक तिथे थांबायचे, चंद्रपूरकडे वळणारेही थांबायचे. बाबा ताडपत्री आणि दोर विकायचे. शिवाय साखळ्या, हुक, ट्रकच्या कपाळाला बांधायचे काळे गोंडे. ताडपत्रीला डांबरासारखा एक उग्र वास असतो. तो बाबांच्या शर्टाला असायचा, आमच्या चादरींना असायचा, आणि हिंगणघाटच्या कॉलेजात गेल्यावर मला कळलं की माझ्याही अंगाला असतो. एका पोरानं नाक मुरडून विचारलं होतं, ट्रकमध्ये झोपतोस का रे म्हणून. मी हसलो होतो. त्या दिवसापासून मी घरात दोन-दोनदा आंघोळ करायला लागलो.

बघा, दुकानाबद्दल सांगायला लागलो की मी लांबण लावतो. मुद्दा जितका उशिरा येईल तितकं मला बरं.

आमच्यासारख्या दुकानदारांची एक रीत होती. दुकान खाऊन-पिऊन सुखी असलं तरी दिसायला लहान ठेवायचं. पाटी रंगवायची नाही, शटरला गंज आला तर येऊ द्यायचा, आणि टॅक्सच्या कागदावर निम्म्याहूनही कमी लिहायचं. याला कुणी चोरी म्हणत नसे. आजोबांनी बाबांना तसंच शिकवलं होतं. चारचौघांत आपली भाकरी उघडी करून खाऊ नये, असं आजी म्हणायची, आणि बाबा ते अक्षरशः पाळायचे. आईलासुद्धा दुकानाची खरी कमाई माहीत नव्हती.

मग मला अमेरिकेतल्या एका कॉलेजचं पत्र आलं. नव्वदचं दशक संपत आलेलं. जामसारख्या गावात विमानाचं पाकीट आलं की पोस्टमनच आधी चौकभर सांगून येतो. पत्र आलं म्हणजे झालं, असं सगळ्यांना वाटलं. व्हिसा नावाची गोष्ट अजून मध्ये उभी आहे, हे मला नागपूरच्या एजंटाकडे गेल्यावर कळलं. त्यानं यादी दिली. अर्जाच्या फीचा ड्राफ्ट — नकार आला तरी परत न मिळणारा. बँकेचं पत्र, दुकानाचं आणि घराचं मूल्यांकन, प्रतिज्ञापत्र, आणि बापाच्या उत्पन्नाचे मागच्या तीन वर्षांचे कागद. बाबांचे कागद बघून तो एजंट हसला. म्हणाला, एवढ्या कमाईत तर पोरगा नागपूरलाही शिकणार नाही.

तिसऱ्या दिवशी बाबा मला घेऊन हिंगणघाटच्या टॅक्सच्या वकिलाकडे गेले. वकिलानं त्यांना परोपरीनं समजावलं. एकदा खरं दाखवलं की पुढे कधीच कमी दाखवता येणार नाही, मागचं सगळं दंडासकट भरावं लागेल, लोक दारात येतील. बाबा म्हणाले, "वकीलसाहेब, जे हाये ते लिहा. पोराचं काम हाये."

आणि झालंही तसंच. तपासणीवाले येऊन गेले. गणपतीची वर्गणी दुप्पट झाली. ज्या मावसभावानं दहा वर्षांत तोंड दाखवलं नव्हतं तो डबाभर लाडू घेऊन आला. आई रुसली, एवढं होतं तर मला काऊन सांगितलं नाही म्हणून. फीचा ड्राफ्ट, गाडीभाडं, नोटरी, एजंट — हा खर्च कुणीही करतो हो. बाबांनी त्यापलीकडे, जन्मभर झाकून ठेवलेलं आपलं घर चव्हाट्यावर मांडलं. ते त्यांना किती जड गेलं असेल, हे मला आज कळतं. तेव्हा मला फक्त कागद जमल्याचा आनंद झाला होता.

मुंबईला बाबा माझ्यासोबत आले. एजंट नको म्हणाला होता, पण बाबांचं म्हणणं, त्यांनी बापाला बोलावलं तर? त्यासाठी त्यांनी सफारी शिवून घेतली होती, नवे बूट घेतले होते. पायात आयुष्यभर चप्पल घातलेला माणूस. वकिलातीसमोरच्या फुटपाथवर पहाटेपासून रांग होती. नातेवाइकांनी पलीकडे उभं राहायचं. बाबा पलीकडे उभे राहिले, हातात माझी पिशवी आणि आईनं दिलेला डबा. बूट चावत होते तरी बसले नाहीत. बसून सफारीला सुरकुत्या पडल्या आणि नेमकं तेव्हाच बोलावलं तर, म्हणून.

आता आत जायला हवं. इथे मी नेहमी थांबतो. मनातल्या मनातसुद्धा.

माझ्या पुढे एक मुलगा होता. त्याचे वडील सर्जन. खिडकीतल्या बाई त्याच्याशी हसून बोलल्या, आणि तो खिशात हात घालून उत्तरं देत होता. त्याचा व्हिसा झाला. मग मी. मला विचारलं, मराठी दुभाषी हवा आहे का? मी तोऱ्यात नाही म्हणालो. पहिले दोन प्रश्न नीट गेले — कोणता विषय, हेच कॉलेज का. एजंटानं घोकून घेतलं होतं. मग त्यांनी अगदी सहज विचारलं, वडील काय करतात?

काय करतात? ताडपत्री विकतात. जामच्या चौकात, पत्र्याच्या शटरमागे. इतकं सोपं उत्तर होतं. समोरच्या फायलीत ते लिहिलेलंच होतं, त्यासाठीच तर बाबा स्वतःला उघडं करून बसले होते. पण तो सर्जनचा मुलगा अजून मागेच उभा होता, पासपोर्ट कुठे परत मिळतो ते विचारत. त्याच्या कानावर ते पडू नये असं मला वाटलं. ज्याचं नावही मला माहीत नव्हतं, जो मला पुन्हा कधी भेटणार नव्हता, त्याच्यासमोर मला माझ्या बापाची लाज वाटली.

मी म्हणालो, माझे वडील उद्योगपती आहेत. दोराचा कारखाना आहे आमचा.

बाईंनी कागद चाळले. इथे तर दुकान लिहिलं आहे, म्हणाल्या. मी म्हणालो, दुकान वेगळं, कारखाना वेगळा. किती कामगार? मी म्हणालो, चाळीस. कारखान्याचा कागद कुठे आहे? तो नव्हताच. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं — रागानं नाही, कंटाळून — आणि फाईल बंद केली. खिडकीखालून पासपोर्ट आणि एक छापील कागद बाहेर आला. सगळा खेळ चार मिनिटांचा.

बाबांचे कागद बरोबर होते. एक एक आकडा खरा होता. त्या फायलीत खोटं असं काही नव्हतंच. खोटं खिडकीच्या अलीकडे उभं होतं.

मी बाहेर आलो. बाबा पलीकडून मान उंच करून बघत होते. माझा चेहरा पाहून त्यांना कळलंच. रस्ता ओलांडून मी जाईपर्यंत त्यांनी पिशवी खाली ठेवून शर्टाची कॉलर नीट केली होती — म्हणजे अजूनही बोलावतील अशी त्यांना आशा होती. त्यांनी विचारलं, "काऊन नाही झालं?" मग माझ्या हातातला छापील कागद बघून म्हणाले, "त्या कागदावर काय लिवलं हाये? वाचून दाखव ना."

बाबांना इंग्रजी येत नव्हतं. त्या कागदावर कुणाचंच नाव नव्हतं, कारणही नव्हतं. सगळ्यांना देतात तो छापील नमुना. मी तो हातात धरला आणि वाचल्यासारखं केलं. म्हणालो, वडिलांच्या उत्पन्नाच्या कागदांवर विश्वास बसत नाही. आधी इतकं कमी दाखवलेलं, मग एकदम इतकं जास्त कसं?

बोलायच्या आधी मी ते ठरवलेलं नव्हतं. पण बोलल्यावर मागे घेतलंही नाही. बाबांचा चेहरा उतरलेला दिसत होता आणि माझं मन — कसं सांगू — हलकं झालं.

बाबा म्हणाले, "म्हंजे माह्यामुळं राह्यलं तुयं." त्यांनी तो कागद माझ्याकडून मागून घेतला, चार घड्या घालून सफारीच्या आतल्या खिशात ठेवला. परतीच्या गाडीत आईचा डबा तसाच राहिला. वर्धेला उतरलो तेव्हा धपाट्यांना वास यायला लागला होता.

पुढच्या वर्षी बाबाच म्हणाले, आता कागद जुने झाले, आता विश्वास बसेल, पुन्हा भरू. मी नको म्हणालो. पुन्हा गेलो असतो तर तो कारखाना आणि ते चाळीस कामगार पुन्हा निघाले असते. बाबांना वाटलं, पोराचं मन मोडलं. त्यांनी ते गावभर सांगितलं — पोरगा हुशार, मी मातीत घातला. लोक मला हळहळून बघायचे. खरं सांगू? मला ते आवडायचं. जाऊ न शकलेला हुशार मुलगा, ही फार मानाची जागा असते. तिथे परीक्षाही द्यावी लागत नाही. वर्ध्याच्या एका तंत्रनिकेतनात मी शिकवायला लागलो तेव्हा तिथेही ती गोष्ट माझ्याआधी पोचली होती. लग्न ठरताना बाबांनी सासऱ्यांना हात जोडून तीच सांगितली. वर्ध्यालगत बोरगाव मेघेला माझ्यासाठी प्लॉट घेतला तो बाबांनी, घर बांधलं ते बाबांनी. मी त्यांना एकदाही अडवलं नाही.

बाबांनी दुकानाची पाटी रंगवून घेतली. दरवर्षी पै न पै खरं लिहायला लागले. चौकातल्या कुठल्याही पोराला धरून सांगायचे, "खरं दाखवत जा बाप्पा, नाही तं लेकरं अडकतात." लोक मागून हसायचे. त्यांच्या गल्ल्याच्या वरच्या कप्प्यात, देवाच्या तसबिरीखाली, तो छापील कागद प्लास्टिकमध्ये घालून ठेवलेला होता. मी दुकानात गेलो की तो दिसायचा. म्हणून मी दुकानात जाणंच कमी केलं.

एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण एकदा त्यांनी मला विचारलं, आता उभं राहवत नाही, रविवारचा येऊन बसत जाशील का दुकानात? आणि मी — घरात बायको, आई सगळ्या असताना — म्हणालो, "तुम्ही वेळेवर कागद नीट ठेवले असते तर मी आज इथे असतो का?" म्हणजे जी गोष्ट मीच रचली होती ती वापरून मी त्यांना मारलं. बाबांनी मान डोलावली. "बरोबर हाये तुयं," म्हणाले. पुन्हा कधी त्यांनी रविवारचा विषय काढला नाही.

दोनेक वर्षांनी त्यांना सेवाग्रामच्या दवाखान्यात भरती केलं. शेवटचे दिवस आहेत हे त्यांना कळलं होतं. दुपारची वेळ होती. आई खाली चहाला गेली होती, खोलीत आम्ही दोघंच. सांगायचं असतं तर याहून चांगली वेळ मिळणार नव्हती. मी तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात त्यांनीच सुरुवात केली. फार हळू बोलत होते, मला वाकून ऐकावं लागलं. अजूनही त्यांच्या अंगाला ताडपत्रीचा वास येत होता.

म्हणाले, "माह्या हातानं तुयं वाटोळं झालं रे. मनात नको ठेवू. माफ कर मले."

तुम्हाला वाटेल, तेव्हा तरी मी सांगितलं असेल.

मी म्हणालो, "केलं, बाबा. केव्हाच केलं."

सलाईन लावलेला हात त्यांना नीट उचलता येत नव्हता. तरी त्यांनी दोन्ही हात कसेबसे जवळ आणले आणि मला जोडले. मी ते खाली घेतले नाहीत.