मधली सुट्टी आतच!

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या बाबांनो, शेवटी माझं तोंड बघून हसू यायचं नाही. चहा घ्या, सांगतो.

पंच्याहत्तर साल असेल. उंब्रजच्या बाजूला एका वाडीत मी नवा मास्तर. मी साताऱ्याचा, म्हणजे थंडीतलं आपल्याला सगळं कळतं, असा माझा समज! चाळीस पोरं, दोन मास्तर. पौषातला वारा नदीवरून यायचा तो थेट हाडात शिरायचा. त्यातच हेडगुरुजी दोन दिवस साताऱ्याला निघाले. एसटीत चढता चढता म्हणाले, "पोरं सांभाळा. थंडीनं एकही आजारी पडता कामा नये."

झालं! मी अंगात दोन स्वेटर चढवले, कानाला मफलर गुंडाळला आणि फर्मान काढलं, "मधली सुट्टी आतच. बाहेर कुणी पाऊल टाकायचं नाही!"

पोरांची तोंडं पडली. मला वाटलं, खेळ बुडाला म्हणून. दारं-खिडक्या लावून घेतल्या. खाली फरशी, वर पत्रा, आत ऊब येणार कुठून? पण हे मला कुठं सुचतंय!

दहा मिनिटांत पहिली करंगळी वर.

"गुर्जी, जाऊ?"

"जा. पळत ये."

मग दुसरी करंगळी, मग तिसरी. म्हटलं, थंडीत लागतेच जास्त. पण गेलेलं एकही परत येईना! एकाला बघायला दुसरा पाठवला, तोही गेला. त्याला बघायला तिसरा. मी आपला पाठवतोच आहे! अहो, बघता बघता वर्ग रिकामा. उरली एकटी हौसा. दुसरीतली, काडीएवढी पोर, विटक्या परकरात गुडघे पोटाशी घेऊन बसलेली.

"शाबास हौसा! तू एकटी शिस्तीची. इथंच बस, हलायचं नाही," म्हणालो आणि बाहेर पडलो.

पोरं सापडली कुठं? शाळेमागच्या गुऱ्हाळावर! काहिलीत उसाचा रस रटरटत होता, खाली चुलवाणात चिपाडं धडधडत होती आणि भोवती माझी अख्खी शाळा शेकत बसलेली. गाल लाल, हातात गरम काकवी. थंडीत रोजची मधली सुट्टी तिथंच व्हायची म्हणे. गावातल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक, फक्त मला नव्हतं!

मी ओरडायला तोंड उघडलं, तेवढ्यात चिपाडं सारणारी बाई पुढं आली. हौसाची आई.

"गुर्जी, समदी आली, माजी हौसा कुटं हाय?"

"वर्गात. फार शिस्तीची पोर आहे तुमची." अभिमानानं सांगितलं हो मी!

तिच्या हातातली चिपाडं खाली पडली. "आवं, तिला कशाला ठिवली? घरात पांघराया वाकळ एकच. हितं शेकल्याबिगर तिचं हातपाय मोकळं हुत न्हाईत. दुपारचं पोटाला बी हितंच मिळतंय तिला!"

ती पळाली, मागं मी. पोर होती तिथंच बसलेली. ओठ काळेनिळे, दात वाजतायत.

"आगं, आली का न्हाईस?" आईनं तिला पदराखाली घेतलं.

"गुर्जी हलू नगं म्हनलं."

खरं सांगतो, मेल्याहून मेल्यासारखं झालं. दोन्ही स्वेटर काढून तिच्या अंगावर घातले, पण आता काय उपयोग? पोर तापानं फणफणली. मी सकाळ-संध्याकाळ तिच्या दारात जाऊन उभा राहायचो. आई बोल लावायची नाही, उलट मलाच वाटीभर काकवी द्यायची.

तिसऱ्या दिवशी ताप उतरला, आणि त्याच दिवशी हेडगुरुजी परतले. सगळं ऐकून घेतलं.

"किती पोरांनी ऐकलं तुमचं?"

"एका हौसानं," मी मान खाली घालून म्हणालो.

"नशीब," ते म्हणाले. "पटावर चाळीस आहेत."