कुंपणाबाहेर टाकलेली कण्हेर

अन्याय झाला तो माझ्या बापावर, रामाजीवर, आणि त्याच्या लाल्या-मोंग्या या बैलजोडीवर. त्रेपन्न सालच्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तो सुरू झाला. बैलांच्या शिंगांवरचा रंग अजून ताजा होता आणि ठेकेदार आमच्या कुरखेड्याकडच्या गावात घाई करत फिरत होता. "राजुऱ्याकडे खाण निघाली, गाडी-बैलाले काम हाये. पीक निघालं का चाला, एक उन्हाळा काढा अन् वापस या." गाडीत चढताना माय शेजारणीला म्हणाली, "आंगण सारवत राहजो बाई, आमी येतोच."

गावी राहिलेल्यांनो, आम्ही घर सोडलं नव्हतं. एका उन्हाळ्यापुरतं बंद केलं होतं.

खाणीवर गवताची काडी नव्हती. साहेबाच्या बंगल्याला मात्र बाग हवी होती, आणि विहीर आटलेली. म्हणून त्याने भूमध्य समुद्राकडची, पाण्यावाचून तगणारी झुडपं आणवली. भरगच्च गुलाबी फुलांची कण्हेर, आणि सुईसारख्या पानांची, वासाची रोझमेरी. गाडीला काम नसेल त्या दिवशी बा बागेत. मुरमात खड्डे खणून त्यानेच कलमं लावली. मुळं धरेपर्यंत थोडं थोडं पाणी, मग तेही बंद. "इनको पानी की आदत मत डालो," साहेब सांगायचा. वैशाखात सारा माळ करपलेला आणि कण्हेर फुलांनी लगडलेली. माय म्हणायची, "आपल्यापरीस हे झुडूप बरं. याले तहानच नाई."

कण्हेर विषारी, हे बाला ठाऊक होतं. पण आमची जंगलातली रीत अशी की गुरं मोकळी सोडायची आणि काय खायचं ते त्यांच्या नाकावर सोपवायचं. बाने हिरवी फांदी लाल्यापुढे धरली. लाल्याने फुरफुरून मान फिरवली. "पाह्य पोरी, त्याले सम्दं समजते!" बा खूश.

फुलांचा बहर सरला तशी साहेबाने छाटणी काढली. छाटलेल्या फांद्या कुंपणाबाहेर फेकायच्या, कारण आत त्याची गाय हिंडत होती. बाहेर आमच्या खोल्या होत्या, आमची गुरं होती.

"भायेर आमचे बैल हायेत जी," बा म्हणाला.

मुकादम हसला. "तुह्ये बैल त लय शहाणे हायेत ना, रामाजी? मंग भेतं काऊन?"

बालाही तेच वाटत होतं. त्याने फांद्या टाकल्या.

उन्हात पाला वाळला. वाळलेल्या कण्हेरीचा कडूपणा उतरतो, विष उतरत नाही. ओला पाला ओळखणारे बैल वाळल्या पाल्याला फसले, कारण पोटात काही नव्हतं. आधी मोंग्या बसला तो उठलाच नाही. लाल्या त्याला चाटत उभा होता, मग त्याचेही पाय लटपटले आणि तोही गेला.

साहेब म्हणाला, "कनेर जहर है, ये तो बच्चा भी जानता है." बरोबर. म्हणूनच स्वतःच्या गाईला जपून त्याने छाटण कुंपणाबाहेर टाकायला लावलं होतं!

जू जमिनीवर टेकून गाडी उभी राहिली. तिला गावाकडे ओढणार कोण? आणि गेलो तरी नांगराला काय जुंपायचं? तो एक उन्हाळा अजून संपलेला नाही. मी आता शिफ्ट, हजेरी, क्वार्टर असे शब्द बोलते, खाणीच्या फाटकावर युनियनची पत्रकं वाटते. गावचं घर एका पावसाळ्यात बसलं. बा अजून तीच कण्हेर छाटतो आणि छाटलेलं सगळं, कोणी न सांगता, खोल पुरतो. घरी येतो तेव्हा त्याच्या हाताला रोझमेरीचा वास येतो. माय त्याला आधी हात धुवायला लावते.

घर म्हणजे भिंती, असं मी आता मानत नाही. भुकेल्या बैलालाही वाईट पानावरून तोंड फिरवता येईल, इतकं गवत जिथे आहे ते घर.

ठेकेदार पुन्हा तुमच्याकडे फिरून राह्यला आहे. त्याला मजुरी नंतर विचारा, गायरान कुठे आहे ते आधी विचारा. दोघं-चौघं जाऊन त्या गवतात स्वतः उभे राहून या. तोवर एकही गाडी जुंपू नका.