उद्यमनगरातलं हलकं चाक

२००४ सालात बसलिंगाप्पा माळगेच्या शेडमधून रोज चार-पाच खोकी बाहेर पडायची. कुठलं कोइमतूरला, कुठलं बंगळूरला, एखादं पार श्रीलंकेला. आत शर्यतीच्या गाड्यांचं सामान असायचं. फोनवर कुणी विचारलं, "माल इंपोर्टेड आहे ना?" तर बसलिंगाप्पा ठणकावून सांगायचा, "न्हाय पावणं, कोल्हापुरी हाय," आणि खुशाल फोन ठेवून द्यायचा. पावणं पुन्हा फोन करायचेच.

पण या धंद्याची सुरुवात झाली ती एका सपाटून खाल्लेल्या मारापासून. आणि तो मार बसलिंगाप्पाने स्वतःच्या हाताने, मोठ्या प्रेमाने घडवला होता.

१९९३ साली कोल्हापूरच्या उद्यमनगरातली ती शेड थोरल्या भावाच्या, आण्णांच्या, शब्दावर चालायची. वडील लवकर गेले, तेव्हापासून आण्णाच बाप. शेतकऱ्यांचे पाण्याचे पंप चालवणाऱ्या ऑइल इंजिनांची फ्लायव्हील, म्हणजे ती जडशीळ गरगरणारी चाकं, हे त्यांचं काम. गिऱ्हाईक यायचं, चाक उचलून बघायचं, कंबरेत कळ आली की म्हणायचं, "झ्याक हाय!" वजन म्हणजे इमान, हे दोघा भावांच्या रक्तातच होतं.

अशात कुरुंदवाडच्या बिरनाळ्यांचा अरिहंत आला. शिकलेला इंजिनिअर, डोक्यात शर्यतीचं वेड. मारुतीचं इंजिन घालून त्याने घरीच दोन सीटची बुटकी स्पोर्ट्‌स कार जुळवली होती. म्हणाला, "मालक, कंपनीच्यापेक्षा सरस फ्लायव्हील करून द्या."

बसलिंगाप्पाने जीव ओतला. कंपनीच्या चाकाच्या दुप्पट वजनाचं, ओतीव बिडाचं चाक करून दिलं आणि पाठ थोपटून सांगितलं, "तुझ्या नातवाला पुरंल!"

जानेवारीत शहराबाहेरच्या माळावर शर्यत झाली. झेंडा पडला, बाकीच्या गाड्या उधळल्या, आणि अरिहंतची गाडी उसाने भरलेल्या ट्रॉलीगत हलली. शेवटचा नंबर. लोक पोट धरून हसले. अरिहंत बिचारा सालस. त्याने एवढंच सांगितलं, "मालक, शर्यतीत चाक जेवढं हलकं तेवढं इंजिन चटकन उसळतं. जडपणा इथं वैरी आहे."

बसलिंगाप्पाला ते हसणं जिव्हारी लागलं. आयुष्यभर वजन घालत आलेला माणूस आता वजन काढायला बसला. बीड पातळ केलं तर तडकतं, म्हणून त्याने पोलादाचा गोळा आणला. मोठ्या लेथवर चाक सोललं, भोकं पाडली, समतोल साधला. इंजिनातल्या तीन कनेक्टिंग रॉडांचं वजन तंतोतंत सारखं हवं, म्हणून ते पिशवीत घालून गुजरीतल्या सोनाराकडे गेला. तराजूवर तेलकट दांडे बघून सोनार म्हणाला, "जुन्या दागिन्यागत मोड घालायची हाय व्हय?" तिन्ही दांडे सारखे होईपर्यंत बसलिंगाप्पाने सोळा खेपा घातल्या. बायको शांतव्वा म्हणाली, "माझ्या पाटल्यांसाठी एक खेप बी जमली न्हाई!"

आण्णांनी ते चाक एका हाताने उचललं आणि त्यांचा चेहराच उतरला.

"बसू, ह्यो काय पापड लाटलास? हे फुटलं तर थेट त्या पोराच्या पायात घुसंल. जल्माचं अधू हुईल त्ये."

"फुटत न्हाय, आण्णा."

"दिवाळीपतोर बघतो. शर्यत मारली तर मारली, न्हायतर लेथ परत पंपाच्या कामाला. पुन्हा ह्यो इषय न्हाय."

दिवाळीआधीच्या रविवारी पुन्हा माळ भरला. धाकट्याची खोड मोडलेली बघायला आण्णाही आले, कपाळी भस्म, पांढरं धोतर, टोपी. पण गाडी सुटायच्या आधीच माशी शिंकली. तपासणीस साहेबाने कागद बघून विचारलं, "फ्लायव्हील कुठल्या कंपनीचं?"

"आमचंच. उद्यमनगर," बसलिंगाप्पा म्हणाला.

"असला गल्लीतला माल चालणार नाही. फुटला तर जबाबदार कोण?"

बसलिंगाप्पाच्या तोंडचं पाणी पळालं. वर्षाची मेहनत, लेथ, सगळं त्या एका शब्दापायी पाण्यात चाललं होतं. तेवढ्यात मागून आवाज आला.

"म्या."

आण्णा पुढे आले होते. घरातल्या घरात भावाच्या चाकाला पापड म्हणणं वेगळं. परक्याने उद्यमनगरला गल्ली म्हणणं त्यांना सोसवेना. "पोरा, मला शेजारी बशीव आन् पळीव किती पळवायची ती. फुटलं तर माझं बी पाय तितंच हाईत."

साहेब नको नको म्हणेपर्यंत त्यांनी धोतराचा काचा मारला, टोपी भावाच्या हाती दिली, डोक्यावर हेल्मेट चढवलं आणि त्या बुटक्या गाडीत स्वतःला कोंबलं. अरिहंतने तीन फेऱ्या मारल्या. इंजिन किंचाळत होतं. बसलिंगाप्पा टोपी छातीशी धरून बसवेश्वराचं नाव घेत होता.

गाडी थांबली. आण्णा उतरले, साहेबापुढे धोतर गुडघ्यापर्यंत उचलून म्हणाले, "मोजा. दोन हाईत का?"

साहेबाने हसू दाबत सही केली.

मग जे झालं ते माळाने पाहिलं. झेंडा पडताच बुटकी गाडी बंदुकीच्या गोळीसारखी सुटली. परदेशी सामान लावलेली पुण्याची गाडी दुसऱ्या फेरीत मागे पडली ती मागेच राहिली. दहाव्या, शेवटच्या फेरीला अरिहंतच पहिला! जानेवारीत हसलेलेच लोक बसलिंगाप्पाला खांद्यावर घेऊन नाचले, आणि तो पस्तिशीचा बाप्या ढसाढसा रडला.

खाली उतरल्यावर त्याने आण्णांना शोधलं. ते गर्दीबाहेर एका दगडावर बसले होते.

"मोठा लेथ तुझा, बसू," ते म्हणाले. "पंपाचं काम म्या जुन्या बारक्या लेथवर वडीन. म्या चुकलो हुतो."

बसलिंगाप्पा पाया पडायला वाकला. आण्णांचे पाय अजून थरथरत होते.