मेतकुटाच्या डबीतली अन्नपूर्णा

देवीला टाकून यायला म्हणून मी सायकलवर निघालो होतो, हे आधीच सांगून टाकतो. देवी म्हणजे पॉइंट कुक या उपनगरातल्या आमच्या घरातली बोटभर उंचीची पितळी अन्नपूर्णा, हातात पळी घेऊन बसलेली. बहुतेक मराठी मुलींना देतात तशी वैशालीला, माझ्या बायकोला, तिच्या आईने लग्नात दिलेली. वैशालीने तिला तीस वर्षं तांदळात बसवलं, दर शुक्रवारी ते तांदूळ बदलले आणि जुने घरच्या भातात मिसळून आम्हाला वाढले. आणि त्याच वैशालीला अन्ननलिकेचा कॅन्सर झाला. जिने जन्मभर अन्नाच्या देवीची सेवा केली, तिला शेवटी पाण्याचा घोट गिळता येईना. यात कोणाला देवाची लीला दिसत असेल तर दिसो, मला ती निव्वळ थट्टा वाटली.

मला स्वयंपाकातलं काही येत नव्हतं. तिच्या आजारपणात मी एकच गोष्ट शिकलो, पेज करायला. तांदूळ हाताने चुरायचे, भरपूर पाणी घालायचं, मंद आचेवर ढवळत उभं राहायचं. तिच्या पोटात नळी बसवलेली होती, पोषण त्यातून जायचं, पण नळीतून जातं त्याला वैशाली जेवण म्हणायला तयार नव्हती. तोंडाने दोन चमचे पेज, एवढाच तिचा हट्ट असायचा. शेवटच्या आठवड्यात तेही जाईना. एका सकाळी पहिलाच चमचा परत आला, तेव्हा तिने वाटी माझ्याकडे सरकवली आणि म्हणाली, "देवीपुढे ठेव क्षणभर, आणि तू पी. कालपासून काही खाल्लेलं नाहीस. मी बघते." देवीचं नाव ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी वाटी उचलली आणि तिच्या डोळ्यांदेखत सिंकमध्ये ओतली. वैशालीने मान भिंतीकडे वळवली. त्यानंतर ती चार दिवस होती. त्या चार दिवसांत तिने माझ्याकडे काही मागितलं नाही.

ती गेल्यावर मी देवघरात दिवा लावला नाही. आठ महिन्यांनी सिडनीहून गार्गीचा, आमच्या मुलीचा, फोन आला. तिचं लग्न ठरलं होतं आणि तिला आईची अन्नपूर्णा हवी होती. मी म्हटलं, ती देवी मी कोणाच्या घरी जाऊ देणार नाही, तिला लांब कुठेतरी सोडून येणार आहे. गार्गी म्हणाली, "बाबा, ती आईची आहे. यू डोन्ट गेट टू डिसाइड." मी फोन ठेवला आणि दुसऱ्या दिवशी सायकल उतरवून साफ करायला घेतली.

सायकलवरून एकट्याने लांब भटकायची सवय मला फार जुनी. मिल्ड्युरा गावाच्या पलीकडचा ओसाड मुलूख मी पूर्वी एकदा पाहिला होता. तिथे नजर पोचेल तिथवर करडी खुरटी झुडपं, मध्येच हजारो वर्षांपूर्वी आटून गेलेल्या तळ्यांचे सपाट तळ, आणि त्यांच्या काठाला वाऱ्यापावसाने चिरत नेलेल्या मातीच्या उंच भिंती. माणूस नाही, शेत नाही, काही पिकत नाही. अन्नपूर्णेला ठेवायला याहून चांगली जागा मला सुचली नाही. उपाशी राहणं काय असतं ते बघ म्हणावं आता, असं मी मोठ्याने म्हटल्याचं आठवतं. मात्र तिला पिशवीत टाकायला गेलो तर हात अडला. नुसत्या कापडात गुंडाळून, तांदळाशिवाय तिला ठेवता येईना. शेवटी वैशालीची मेतकुटाची रिकामी डबी घेतली, देवीच्या वाटीतले आठ महिन्यांचे तांदूळ तिच्यात ओतले आणि वर देवीला बसवलं. राग खरा होता, पण तीस वर्षं समोर जे पाहिलं ते हाताला चुकवता आलं नाही.

मिल्ड्युरापर्यंत बसने गेलो आणि तिथून डांबरी रस्ता संपल्यावर मातीचा धरला. तिथे पाण्यावाचूनच माणसं मरतात अशी भीती सगळे घालतात, म्हणून पाणी वजन होईल इतकं घेतलं होतं. खाणं दोन दिवसांचं. तेवढ्यात पलीकडच्या गावी पोचणार होतो. दिवसभर चाकांखालच्या मातीचा आणि माझ्या श्वासाचा आवाज, एवढीच सोबत होती. एक इमू बराच वेळ कुंपणापलीकडून बरोबर धावला आणि कंटाळून थांबला. अशा शांततेत लोकांना देव आठवतो म्हणतात, मला सिंकमधली पेज आठवत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या मातीच्या भिंतींपाशी पोचलो. जागा निवडली, डबी बाहेर काढली, झाकण उघडलं आणि पहिला थेंब मनगटावर पडला. वर्षातून मोजून काही वेळा पाऊस पडतो अशा मुलखात त्याला हीच वेळ सापडली. पाऊस थांबला की सोडतो तुला, असं देवीला सांगून मी तंबू ठोकला आणि डबी आत घेतली. पाऊस दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत थांबला नाही. तिथली माती भिजली की तिचं लुकण होतं. सायकल दोन हात ढकलली की चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये चिखल ठासून बसायचा आणि चाक फिरायचंच थांबायचं. असा रस्ता ओला असला की बंद करतात, म्हणजे कोणी येणारही नव्हतं. फोनला रेंज नव्हती. वाळेपर्यंत बसून राहण्यावाचून इलाज नव्हता.

मला डायबेटिस आहे, इन्सुलिन घेतो. त्यानंतरच्या सकाळी सवयीने टोचून घेतलं, कारण बिस्किटांचा एक पुडा उरला आहे हे मला पक्कं माहीत होतं. पुडा सायकलच्या मागच्या पिशवीत होता. पाहतो तर पिशवीची चेन उघडलेली आणि कागदाचे कपटे चिखलात पसरलेले. तिथले कावळे चेन उघडतात हे ऐकून होतो, तरी पिशवी रात्रभर बाहेर ठेवण्याचा शहाणपणा माझाच. ग्लुकोजची शेवटची गोळी चघळली. दुपार होता होता हात थरथरायला लागले, बसल्या जागी घाम फुटला, डोळ्यांपुढे पिवळं दिसू लागलं. साखर पडत चालली होती आणि पुढे शुद्ध हरपते हे मला ठाऊक होतं. मी घाबरलो, अगदी लहान पोरासारखा घाबरलो. काही खाण्याजोगं सापडतंय का म्हणून पिशव्या उपसता उपसता हाताला मेतकुटाची डबी लागली.

देवीला उचलून तंबूच्या कापडावर ठेवलं. खाली दोन मुठी तांदूळ होते, कुंकवाने लालसर झालेले, सोंडे लागलेले. धुतले, सोंडे काढले, हाताने चुरले. हात इतके कापत होते की स्टोव्ह पेटवायला चार काड्या लागल्या. मला एकच गोष्ट करता येते आणि तीच करायची वेळ आली होती. भातातलं पाणी जरा दाट झाल्याबरोबर उतरवलं. भांडं तोंडाला लावणार, तेवढ्यात समोर देवी दिसली. तिच्यापुढे ते क्षणभर ठेवलं. का ठेवलं ते मला सांगता येणार नाही. मग पेज प्यालो. मीठ नव्हतं, मेतकुटाचा पुसट वास होता. पहिला घोट घशाखाली सहज उतरला आणि तेव्हा मला कळलं की मी काय करतोय. देवीपुढे ठेव आणि तू पी. वैशालीचं शेवटचं मागणं मी आठ महिन्यांनी पुरं करत होतो, आणि तेही जीव वाचवायला, तिच्यासाठी नव्हे. मी मोठमोठ्याने रडलो. रडत रडत भांडं चाटूनपुसून संपवलं. तासाभराने हात थांबले.

दुसऱ्या दिवशी सकाळी एका म्हातारीची चारचाकी मोटरसायकल चिखल उडवत आली. त्या बाजूची मेंढपाळीची जमीन तिची होती. त्या कुंपणाकडे ती सहसा फिरकत नाही, एक मेंढी तारेत अडकल्याचं लांबून दिसलं म्हणून आली, असं तिने नंतर सांगितलं. "यू राइट, लव्ह?" म्हणजे बरा आहेस ना, असं विचारून तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि उत्तराची वाट न पाहता थर्मासमधला साखर घातलेला चहा ओतला. सामान आवरताना तिला देवी दिसली. तिने ती तळहातावर घेतली, पळीवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "शी द कुक?"

"हो," मी म्हटलं. तिने मान डोलावली आणि देवीला माझ्या हातात परत दिलं. या सगळ्याला चमत्कार म्हणावं की नाही, याचा निवाडा मी करत नाही. पाऊस, कावळे, तारेत अडकलेली मेंढी, प्रत्येकाला साधं कारण आहे. एवढंच सांगतो, की जिला मी उपाशी ठेवायला नेलं होतं, तिच्या पायाखालचं अन्न मी खाल्लं.

त्या म्हातारीच्या घरून गार्गीला फोन केला आणि काही न लपवता सगळं सांगितलं, सिंकमधली पेजसुद्धा. ते तिला माहीत नव्हतं. ती रडली, मग रागावली, मग म्हणाली, "बाबा, घरी ये आधी." लग्नात तिला देवी मिळेल, त्याच डबीतून. तोवर ती माझ्याकडे आहे.

माझा राग गेलेला नाही. ज्या देवीने मला गिळू दिलं तिने वैशालीला का गिळू दिलं नाही, हे मी तिला रोज विचारतो आणि ती पळी धरून गप्प बसते. शरण जाणं म्हणजे भांडण मिटणं, असा माझा समज होता. माझं मिटलं नाही, तरी तिने वाढलेलं मी नाकारत नाही, आणि त्याबद्दल तिचे उपकार मानतो. दर शुक्रवारी तांदूळ बदलतो. जुन्यांची पेज करतो, देवीपुढे क्षणभर ठेवतो आणि वैशालीच्या खुर्चीसमोर बसून पितो. मी बघते, असं म्हणाली होती ती. तिच्या देखत प्यायला हवी होती. एका वाटीचं तर काम होतं.