गाडी बंद करा, आत या!

विहार झाडायला घेतला की सतरंजीखाली काहीतरी सापडतंच. क्लिप, खोडरबर, अर्धं बिस्कीट. किश्श्यांचंही तसंच आहे. कुणी मुद्दाम ठेवत नाही, पण दर रविवारी दोन-तीन मागं राहतात. मुकुंदवाडीतल्या आमच्या विहारात मी मुलांचा धम्म वर्ग घेते. स्वतः दहावी शिकलेली. सोबतीला कॉलेजात जाणारी शीतल. त्यामुळं किस्से भरपूर!

*

सुरुवातीला पालक आतच येत नव्हते. वडील बाईक बंदसुद्धा करायचे नाहीत. गेटपाशी पोरगं उतरवलं की निघाले. जसं काय पार्सल!

विहाराचे अध्यक्ष दादाराव काका कडक माणूस. एकदा म्हणाले, "मंगलताई, घरी कुणी विचारत नाही, म्हणून पोरं इथलं इथंच विसरतात. भीमजयंतीनंतरच्या रविवारी मी स्वतः येऊन बघतो. आई-बाप आत बसलेले दिसले तर वर्ग चालू. नायतर बंद! हॉलमध्ये मंडपाचं सामान ठेवू."

शीतलच्या डोळ्यांत पाणीच आलं. आम्ही पालकांची मिटिंग बोलावली. एकच वडील आले, तेही घाबरेघुबरे. "ताई, काय केलं त्यानं? सांगा, घरी नेऊन बघतो त्याच्याकडं!"

"अहो, काहीच नाही केलं. चांगला आहे तो."

"मग मला कशाला बोलवलं?" म्हणून गेले की!

*

चूक आमचीही होती. शीतलनं पहिला वर्ग घेतला तेव्हा ती तीन रंगांत तक्ते करून आली होती. बोलत राहिली, बोलत राहिली. अर्धी पोरं पेंगली. शेवटी पुढं बसलेली एक चिमुरडी उठली, कोपऱ्यातली खुर्ची ओढत आणली आणि म्हणाली, "ताई, लई दमला तुम्ही. बसा आता."

त्या दिवशी ठरवलं. एका रविवारी एकच गोष्ट शिकवायची, आणि ती घरी करून बघायची.

*

पहिली गोष्ट म्हणजे पहिलं शील. जीव घ्यायचा नाही. एका पोरानं विचारलं, "मग मच्छर?"

मी म्हटलं, "मारायला नको, आधी होऊच द्यायचे नाहीत. साठलेलं पाणी ओतून टाकायचं." माझी मीच खूष!

पुढच्या रविवारी त्याची आई पदर खोचून थेट हॉलमध्ये. "कोण मंगलताई? कालच नळ आला होता. आता पुढचं पाणी कधी येईल त्याचा नेम नाय, आन् ह्यानं भरलेला ड्रम मोरीत सोडला! धम्म शिकवा, पण नळाचा दिवस बघून शिकवा!"

शीतलनं त्यांना चहा दिला. तो पिईपर्यंत बसल्या, मग वर्ग संपेपर्यंत बसल्या. दुसऱ्या रविवारी पुन्हा हजर!

"आज काय झालं, ताई?"

"काय नाय. आता काय शिकवता, त्यावर लक्ष ठेवायला आले."

वर्गात आत येऊन बसलेल्या त्या पहिल्या पालक. भांडायला आल्या होत्या!

*

बाकीचे म्हणायचे, "आम्हालाच काय येत नाय, पोरांना काय सांगावं?" आम्ही म्हटलं, सांगू नका, रोज एक प्रश्न विचारा. "आज खरं बोलायला कुठं अवघड गेलं?"

वाळूजला सेकंड शिफ्टला असलेले एक वडील कंपनीच्या कँटीनमधून फोनवर विचारायचे. एके दिवशी पोरीनंच उलटं विचारलं, "पप्पा, तुम्हाला कुठं अवघड गेलं?"

ते भोळेपणानं म्हणाले, "काल सुट्टी घेतली ना, तवा पोट दुखतंय म्हणून सांगितलं होतं."

फोन स्पीकरवर. समोर ताट घेऊन सुपरवायझर!

तोही बापमाणूस निघाला. म्हणाला, "उद्या मी पण माझ्या पोराला विचारतो. पण स्पीकर बंद करून!"

*

तरी पालक येऊन येऊन किती, तर दोघं-तिघं. आमच्या गल्लीत खालिदाआपा लहान मुलांना घरी अरबी शिकवतात. त्यांच्याकडं रडगाणं गायले. त्या हसल्या. "बुलाओ नक्को, काम देओ. बुलाए तो मेहमान, काम दिए तो घरवाले."

मग एकीला फुलं सांगितली, एकीला खिचडी, वडिलांना सतरंजी अंथरायला लावली. महिनाभरात बाईका बंद होऊ लागल्या. सतरंजी कोण अंथरणार यावरून दोघं भांडलेसुद्धा!

*

आणि हा शेवटचा.

आमच्याकडं पंचशील कुणी लादत नाही. आपण मागायचं, पुढचा माणूस एकेक ओळ सांगतो, ती आपण आपल्या तोंडानं म्हणायची. एकदा ते झाल्यावर छोटी श्रावणी सगळ्यांसमोर म्हणाली, "ताई, माझे पप्पा चारच शीलं म्हणतात. पाचव्याला गप्प बसतात."

पाचवं म्हणजे नशा न करण्याचं. सगळ्यांच्या माना मागं वळल्या. तिचे वडील संतोष मागं भिंतीला टेकून बसले होते. मी विषय बदलणार, तेवढ्यात तेच उभे राहिले. "चौथं खोटं न बोलायचं हाय ना, ताई? ते घेतलं, आन् लगेच पाचवं म्हणलं, तर चौथं तिथंच मोडतंय. म्हणून गप बसतो."

दादाराव काका दारातून आत येत होते. कडाडले, "मग इथं येतो कशाला?"

"चार तर हायेत ना, काका," संतोष म्हणाले.

काका आल्या पावली निघून गेले. शीतल माझ्याकडं बघायला लागली. वर्ग गेला, असंच दोघींना वाटलं.

जयंतीनंतरच्या रविवारी काका सांगितल्याप्रमाणे आले. हॉल भरलेला होता. त्यांनी एकवार सगळ्यांवरून नजर फिरवली आणि म्हणाले, "आज मी सांगतो." माईक घेतला. पहिलं शील, दुसरं, तिसरं, चौथं. काका सांगत होते, आई-बाप, पोरं मागून म्हणत होती.

पाचव्याला काकांचा आवाज आला नाही.

शीतलला वाटलं माईक बिघडला. ती उठली. काकांनी हातानंच तिला थांबवलं आणि माईक श्रावणीच्या हातात दिला. तिनं पाचवी ओळ सांगितली, हॉलनं म्हटली. काका हळूहळू चालत पालकांच्या रांगेत मागं गेले.

संतोषनी सरकून त्यांना भिंतीशी जागा करून दिली.